एमईएच-पीपीव्हीच्या फिल्मवर रेषा पडतात आणि दोन दिवसांत चमक जाते, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरातच एमएस्सीच्या प्रोजेक्टला एमईएच-पीपीव्ही (यूव्हीखाली केशरी चमकणारा पॉलिमर) क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेवर स्पिन कोटिंग करताय, म्हणजे काच गरागरा फिरवून द्रावणाची पातळ फिल्म पसरवताय. मी पण इथंच हे काम केलंय आणि हे दोन्ही त्रास भोगलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सॉल्व्हंट बदला. क्लोरोफॉर्म ६१ डिग्रीला उकळतं, आपल्याकडच्या मे महिन्यात तर ते काचेवर नीट पसरायच्या आतच उडून जातं आणि फिल्म कुठं जाड कुठं पातळ येते. क्लोरोबेन्झिन १३१ च्या आसपास उकळतं, त्यामुळं निवांत वाळतं. मी मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम पॉलिमर घेतो, बाटलीला फॉइल गुंडाळून ५० डिग्रीला रात्रभर स्टिररवर ठेवतो, सगळं फ्यूम हूडमध्येच बरं का, त्याची वाफ अंगाला चांगली नाही.

आता रेषा. लेन्सखाली बघा, प्रत्येक रेषेच्या तोंडाशी एक बारीक कण दिसेल, धुळीचा नाहीतर न विरघळलेल्या पॉलिमरचा, काच फिरताना द्रावण त्याला वळसा घालून बाहेर जातं आणि मागं शेपूट उरतं. फिल्म असते केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी, तिथं एवढासा कण म्हणजे डोंगरच. म्हणून ०.४५ मायक्रॉनच्या टेफ्लॉन फिल्टरमधून गाळा आणि सिरिंज काचेचीच घ्या. काच साबण, ॲसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) असं करत सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ काढणाऱ्या यंत्रात, धुवा, काच साफ झाली की पाण्याचे थेंब धरत नाही, पाणी सपाट पसरतं. मग २००० आरपीएम, ६० सेकंद.

चमकेचं कारण मात्र हवा आणि उजेड दोन्ही मिळून. मी एकदा एकाच दिवशी केलेल्या दोन काचा घेतल्या, एक खिडकीपाशी ठेवली, एक फॉइलमध्ये, संध्याकाळी यूव्ही लॅम्पखाली फॉइलवाली भडक केशरी पेटली आणि खिडकीतली जवळजवळ मेलेली, लई वाईट वाटलं तेव्हा. उजेडात ऑक्सिजन पॉलिमरच्या साखळीतले दुहेरी बंध तोडतो आणि तिथं जे कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाचे गट) तयार होतात ते आजूबाजूची चमकपण खातात. तुटलेलं परत जुळत नाही, त्यामुळं ती काच नंतर तापवून काही उपयोग नाही.

पुढं १९९० साली केंब्रिजवाल्यांनी पीपीव्हीचा (एमईएच-पीपीव्हीचा मूळ पॉलिमर) केला तसा एलईडी करायचा असेल तर ग्लोव्ह बॉक्स, म्हणजे हातमोजे लावलेली, आत हवा नसलेली बंद पेटी, लागणारच. नुसता चमकेचा स्पेक्ट्रम (कुठल्या रंगाचा किती उजेड येतो त्याचा आलेख) हवा असेल तर सकाळी फिल्म करा, नायट्रोजन भरलेल्या डबीत अंधारात ठेवा आणि त्याच दिवशी मोजून टाका.