बोलावणं आलंय का, कसं ओळखू?

प्रश्न : काकू, मी विक्रोळीची, वय 26, नर्स आहे. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) शिबिरापासून परप्रांतात मिशनकार्याला जावं असं सतत वाटतं. आई म्हणते, हे शिबिराचं वारं आहे. देवाचं बोलावणं की माझी हौस? – एक वाचक

उत्तर : बाळा, आईचा राग धरू नकोस. वारं असेल तर ओसरेल, म्हणून घाई नको.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’चा 13 वा अध्याय काढ. पवित्र आत्म्याने बर्णबा आणि शौलाला नेमलं ते अंत्युखियाची मंडळी उपास-प्रार्थना करत असताना. हात ठेवून पाठवलं मंडळीने. तेव्हा आधी पाळकसाहेबांशी बोल. तुझ्या तोंडावर ‘नाही’ म्हणू शकेल अशा एखाद्या वडीलधाऱ्या बाईशीही बोल. नुसत्या ‘हालेलुया’ म्हणणाऱ्या मैत्रिणी इथे कामाच्या नाहीत! आणि 16 व्या अध्यायात पौलाला, म्हणजे त्याच शौलाला, बिथुनिया प्रांतात जाऊ दिलं नाही, तेही वाच. दार बंद होणं हेसुद्धा उत्तर असतं.

1813 साली मिशनरी गॉर्डन हॉल अमेरिकेहून मुंबईत आले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडायला टपलं होतं. ते राहिले, मराठी शिकले. तुला शेजारची भाषा शिकायचा कंटाळा येतो का? सुट्टीत जव्हार-मोखाड्याच्या आरोग्य शिबिरात जा. वारली म्हातारीच्या पायाची जखम धुताना तिचं बोलणं समजत नाही, डाळभात पांचट, फोनला रेंज नाही. तरी पुन्हा जावंसं वाटतं का, बघ. औषधाच्या बदल्यात कुणाच्या गळ्यात धर्म मारायचा नाही, हे मात्र आताच पक्कं कर.

नोकरी सोडू नकोस. पुढच्या पावसाळ्यानंतर मला परत लिही, आईचं म्हणणंही कळव.