झोपाळ्याची गादी, पावसाची ओल आणि कबुतरे

प्रश्न : आमच्या बाल्कनीतील झोपाळ्यावर फोमची गादी आणि दोन उशा आहेत. पावसाळ्यात त्यांवर काळे ठिपके पडले. खोळी दोनदा धुतल्या, गादी दर रविवारी गच्चीवर कडक उन्हात टाकली, तरी कुबट वास जात नाही. उलट फोम पिवळा पडून कडेने त्याचा भुगा होऊ लागला आहे. काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वास खोळीचा नसून आतल्या फोमचा आहे. पावसाची झड लागली की वरचे कापड लवकर सुकते, परंतु फोमच्या बारीक छिद्रांत शिरलेले पाणी जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कित्येक दिवस तसेच राहते आणि बुरशी तेथेच धरते. गादीला ऊन दाखवण्याची आपली रीत कापसासाठी अगदी योग्य आहे. पॉलियुरेथेन फोमला मात्र उन्हातील अतिनील किरण सोसत नाहीत. तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि झडू लागतो. आपल्या हातून काळजीपोटीच हे झाले, याचे वाईट वाटते. पण भुगा होऊ लागलेला फोम पुन्हा सांधत नाही, म्हणून गादीचा फोम बदलावा.

उशांचा फोम धड असेल तर तो वाचवता येईल. नाकावर मास्क बांधून बुरशी घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडावी. मग बादलीभर कोमट पाण्यात दोन चमचे सौम्य द्रव साबण घालून फोम बुडवावा आणि तळहातांनी दाबत धुवावा; पिळल्यास तो आतून फाटतो. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी बदलावे. काळ्या डागांवर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून फवारावे व अर्ध्या तासाने खळबळून काढावे. त्यावर किंवा त्यासोबत ब्लीच कधीही वापरू नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

खरी कसोटी वाळवण्याची आहे. जुन्या टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपावे, फोम कडेवर उभा करावा आणि सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात दोन-तीन दिवस ठेवावा. मधोमध सुती रुमाल ठेवून जोराने दाबल्यावर तो किंचितही दमट लागला, तर खोळ चढवण्याची घाई करू नये. म्हणूनच हे काम भर पावसात न काढता मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात करावे. पावसाळ्यात गादी घरात उभी ठेवावी. तिच्यावर प्लॅस्टिक गच्च गुंडाळल्यास ओल आतच कोंडते.

प्रश्न : बाल्कनीतील खुर्च्यांच्या गाद्यांवर कबुतरांची विष्ठा वाळून बसते. ती खरवडून काढावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कोरडी असताना मुळीच खरवडू नये. तिची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन गंभीर त्रास होऊ शकतो. घरात दम्याचे रुग्ण असतील तर अधिकच जपावे. हातमोजे व मास्क घालून साबणाच्या पाण्याने डाग दहा मिनिटे भिजत ठेवावा, जुन्या फडक्याने उचलावा आणि ते फडके फेकून द्यावे. विष्ठेतील युरिक आम्लाने कापडाचा रंग उडतो, म्हणून डाग दिसेल त्याच दिवशी काढावा. बाल्कनीला जाळी लावून घेतल्यास हा उपद्रव पुष्कळ कमी होतो.