घाण कोण काढणार?

नमस्कार,

सांगलीहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी नीटला दोनदा बसली, एमबीबीएस हुकलं. आता तिला मिलिटरी नर्सिंगला जायचंय, युद्धात फील्ड हॉस्पिटलमध्ये काम करायचंय. तुम्ही तिचा लॅपटॉप कपाटात कुलूपबंद केलात आणि मला विचारताय, ‘तिसऱ्यांदा नीट द्यायला तिला कसं पटवू?’

मला तिच्या मार्कांची काळजी नाही. तुमच्या एका वाक्याची आहे: ‘आमच्या घराण्यात कुणी परक्यांची घाण काढलेली नाही.’ साहेब, पत्रातच लिहिलंय तुम्ही, तुमच्या आई तीन वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांचं कोण करत होतं? तुमच्या बायकोनेच ना? घरात फुकट केली तर सेवा, आणि पगार घेऊन केली की घाण? डॉक्टर झाली असती तर पोरगी काय अत्तर हुंगणार होती?

हुद्द्याचंच म्हणाल, तर बीएस्सी नर्सिंग करून ती लेफ्टनंट म्हणून रुजू होईल. भारतीय सैन्यदलात मेजर जनरल झालेल्या पहिल्या महिला, जी. ए. राम, १९७६ साली याच सेवेतून त्या पदावर गेल्या. हे फक्त तुमच्यासाठी. पोरीला त्याचं काही पडलेलं दिसत नाही.

नीटचे मार्क इथेही लागतात. पुढे लष्कराची चाचणी, मुलाखत, मेडिकल आणि नोकरीचा बॉण्ड. जागा देशभरात मिळून २२० च्या आसपास. लग्न केलं म्हणून नोकरी जायचा नियम १९९५ सालीच रद्द झालाय.

आता तुझ्याशी बोलतो, पोरी. गोळ्यांच्या वर्षावात पट्टी बांधणारी सिस्टर डोक्यातून काढून टाक. आघाडीवर जखमीला पहिला हात लावतो तो पलटणीतला नर्सिंग असिस्टंट, मग पलटणीचा डॉक्टर. तिथून फील्ड हॉस्पिटल, पुढे बेस हॉस्पिटल. १९९९ मध्ये कारगिलचे कितीतरी जखमी श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलात आले होते. हेलिकॉप्टरमधून एकदम पाच-सात जण उतरले, की ओरडणाऱ्याकडे धावायचं नसतं. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. आधी गप्प पडलेल्याकडे जायचं. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळलेला पट्टा, किती वाजता बांधलं ती वेळ शोधायची, बूट कात्रीने कापायचे, हिमदंश झालेला पाय चोळायचा नाही. आणि असे दिवस तुझ्या अख्ख्या नोकरीत कदाचित येणारही नाहीत. येतील त्या जवानांच्या बायकांची बाळंतपणं, म्हाताऱ्या सुभेदारांची शुगर, रात्रपाळ्या, बदल्या. हे चालणार असेल तरच बॉण्डवर सही कर.

त्याआधी ओळख काढून आठवडाभर सिव्हिलच्या ऑर्थो वॉर्डात जाऊन बस. सकाळी सातला, बेडपॅनच्या वेळेला.

साहेब, तिला सोडायला तुम्ही जा, आणि गेटवरून परत फिरू नका. फॉर्मची मुदत संपायच्या आत लॅपटॉप तेवढा कपाटातून काढा.