विद्यार्थ्यांच्या पर्यावरण प्रकल्पांना विद्यापीठाने नेमकी कशी मदत करावी?

पैसे द्यावेतच, पण आधी देखभाल विभागातला एक माणूस जोडून द्या. विजेची बिलं, पाण्याच्या मीटरची नोंद, गच्चीची किल्ली हे सगळं त्याच्याकडे असतं. ते मिळेपर्यंत अर्धं सत्र संपतं, आणि पोरांचा उत्साहही.

निधी शक्यतो फिरता ठेवा. उदाहरणार्थ, ३६ वॅटची जुनी ट्यूब काढून साधारण १८ वॅटची एलईडी लावली की वीज निम्मी लागते. वाचलेल्या बिलातून रक्कम निधीत परत येते आणि पुढच्या गटाला मिळते. हार्वर्डमध्ये असा बिनव्याजी निधी बरीच वर्षं चालला. मात्र कंपोस्ट किंवा जनजागृतीसारख्या कामांतून पैसा परत येत नाही, त्यांना सरळ अनुदान द्या.

खरी अडचण वेगळीच आहे. विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात आणि सुट्टीत कंपोस्टचा खड्डा कोरडा पडतो. म्हणून मंजुरीआधीच विचारा, सुट्टीत हे कोण बघणार? उत्तर नसेल तर प्रकल्प छोटा करा. कामाला श्रेयांक दिले तर हजेरी टिकते. वृक्षारोपणाचे फोटो मागणं तेवढं बंद करा. वर्षभराने किती झाडं जगली ते विचारा.