अभयारण्याची माहिती पाहुण्यांपर्यंत पोचवायची तर आधी गावाला द्या

वन विभागाकडे अभयारण्यातल्या वनस्पती-पक्ष्यांची चांगली यादी आहे, पण पाहुण्यांपर्यंत ती जात नाही. होमस्टेवाले आणि जीपवाले यांना सोबत घेऊन ॲप करावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, ॲप सध्या बाजूला ठेवा. पाहुणा ज्यांच्यासोबत सगळ्यात जास्त वेळ असतो, त्या घरच्या ताई, गाडीवाला, गाइड यांच्या बोलण्यात ती माहिती यायला हवी. नुसती यादी कुणाच्या बोलण्यात येत नाही.

साताऱ्याजवळचं कास पठार बघा. पठारावर ८५०हून जास्त सपुष्प वनस्पतींची नोंद आहे, २०१२ साली पश्चिम घाटासोबत त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हे फलकावर ठीक आहे. आलेला माणूस मात्र विचारतो, "आज काय फुललंय?" पावसाच्या सुरुवातीला चवर, मग गेंद, सप्टेंबरात तेरडा, पुढे सोनकी, उत्तर आठवड्यागणिक बदलतं. ते रोज पठारावर असणाऱ्या गावकऱ्यालाच ठाऊक असतं. तिथे आसपासच्या गावांच्या समित्या प्रवेशशुल्क, पार्किंग, गाइड सांभाळतात, म्हणून हे जमतं.

तुम्हीही दर पंधरवड्याला माहितीचं एकच पान काढा. त्यात पाच-सहा जाती, गावातलं नाव, आणि प्रत्येकीमागचं एक 'का'. हा 'का' फार महत्त्वाचा. कासवरची सीतेची आसवं घ्या. जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ, त्यात पोषकद्रव्यं कमी, म्हणून ही इवलीशी वनस्पती बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून गरज भागवते. एवढं ऐकल्यावर वाट सोडून त्या मातीवर पाय का ठेवायचा नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

गावातली नावं शोधायला ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या स्थानिक माहितीची वही, काढा. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. नोंदवही अपुरी वाटली तर गुराखी आणि सुईणी-वैदू यांच्यासोबत बसून भरा, मग जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. तपासल्याशिवाय पान छापू नका. चुकीची ओळख एकदा गाइडच्या तोंडी बसली की निघत नाही.

काय सांगायचं नाही, हेही आधीच ठरवा. कंदीलपुष्पं, आमरी (ऑर्किड), शिकारी पक्ष्यांची घरटी यांची नेमकी जागा पानावर नको, जीपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको. लोक निसर्गातल्या नोंदी टाकतात ते आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळसुद्धा संकटग्रस्त जातींचं नेमकं ठिकाण आपोआप झाकतं. या बाबतीत मी तडजोड करणार नाही.

अपेक्षा कशी हाताळायची, ते मंडणगड तालुक्यातल्या वेळासकडून शिका, तिथे पाहुणे समुद्री कासवांची पिल्लं बघायला येतात. ऑलिव्ह रिडले या कासवाची अंडी फुटायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, नेमका दिवस कुणीच सांगू शकत नाही. त्यामुळे पिल्लं दिसतीलच असं नाही, हे पाहुण्याला खोली ठरवतानाच फोनवर सांगायला हवं. तुमच्याकडे वाघ-बिबट्याबद्दलही तसंच बोला, म्हणजे जीपवाल्यावर जनावर दाखवायचा दबाव येत नाही.

शेवटचं, पैशांचं. पान तयार करण्यात, फेरी मारून नोंदी आणण्यात गावकऱ्यांचा दिवस मोडतो. त्याचं मानधन प्रवेशशुल्कातून द्यायची तरतूद समितीच्या ठरावातच करून घ्या. तुमच्या पंचायतीची नोंदवही झाली आहे का, ते इथे लिहा. पहिल्या पानाचा मसुदा मी बघून देईन.