मुलं दगावायची, म्हणून माया नव्हती?

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं, जुन्या कुटुंबांवरचं, दुसरं प्रकरण दोनदा वाचलं. एकदा नुसतं, एकदा पेन्सिल घेऊन. मेहनत पानोपानी दिसते आणि तिचं मला फार कौतुक आहे. पण एका वाक्यापाशी मी अडले ती अडलेच. ‘पूर्वी मुलं इतकी दगावत की आईबाप त्यांच्यात जीव गुंतवत नसत.’ बाकी सगळीकडे तू टिपा दिल्या आहेस, इथे मात्र नाही, जणू हे सगळ्यांना ठाऊकच आहे. हे पत्र मुख्यतः त्या वाक्यासाठी लिहिते आहे.

ते वाक्य तुझं नाही. साठहून जास्त वर्षं ते या हातातून त्या हातात फिरतं आहे. १९६० साली फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने मांडलं की मध्ययुगीन समाजात बालपणाची वेगळी जाणीव नव्हती. जुन्या चित्रांतली मुलं त्याला लहान आकाराच्या मोठ्या माणसांसारखी दिसली. त्याने वापरलेला शब्द होता ‘सांतिमां’, ज्यात जाणीवही येते आणि भावनाही. इंग्रजीत जाताना त्याची नुसती ‘कल्पना’ झाली आणि त्यावर वाद माजले. ही जाणीव आणि मुलांवरची माया यांत गल्लत करू नका, असं आरिएसने स्वतः लिहिलं होतं. ते फारसं कुणी लक्षात ठेवलं नाही. पुढे १९७७ मध्ये लॉरेन्स स्टोन या इतिहासकाराने इंग्लंडबद्दल लिहिताना मृत्यूचं प्रमाण आणि मायेचा आखडता हात यांची थेट सांगड घातली. त्याचा एक पुरावा असा: मेलेल्या मुलाचंच नाव लोक पाठच्या बाळाला ठेवत, म्हणजे मूल हे त्यांच्या लेखी एक स्वतंत्र माणूस नव्हतंच.

इथे जरा थांब. नाव पुन्हा ठेवलं, ही झाली नोंद. माया नव्हती, हा झाला अर्थ. गेलेल्या लेकराचं नाव घरातून पुसलं जाऊ नये म्हणूनही ते पुन्हा ठेवलं गेलं असेल. चर्चच्या नोंदवहीत यातलं काहीच लिहिलेलं नसतं. नोंदवहीला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्याशी कर्तव्य, आईच्या मनाशी नाही.

मग मनाचं कुठे सापडतं? १९८३ मध्ये लिंडा पोलॉक या अभ्यासिकेने शेकडो रोजनिशा आणि आत्मचरित्रं वाचून दाखवून दिलं की सोळाव्या शतकापासूनचे आईबाप मुलांच्या दुखण्यांनी धास्तावतात आणि मरणांनी कोसळतात. त्यांतली एक रोजनिशी तू मुळातून वाचावीस अशी माझी फार इच्छा आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात राल्फ जॉस्लिन नावाचा पाद्री होता. १६४८ च्या फेब्रुवारीत त्याचं तान्हं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. त्याने लिहिलं की हे सगळ्यांत धाकटं, आमची माया अजून त्याच्यावर तेवढी जडली नव्हती. दोनच वर्षांनी, १६५० च्या मे महिन्यात, त्याची आठ वर्षांची मेरी गेली. तिच्याबद्दल त्याच हाताने लिहिलं आहे: गोडव्याचं गाठोडं होती, दहा हजारांत एक असं लेकरू.

आता यातली पहिलीच नोंद तुझ्या हाती लागली असती तर? तुझं वाक्य सिद्ध झालं असतं. दुसरीच लागली असती तर ते साफ खोटं ठरलं असतं. दोन्ही नोंदी एकाच बापाच्या आहेत. माया सहवासाने वाढते हे त्याला कळत होतं आणि ते लिहिण्याइतका तो प्रामाणिक होता. हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं आणि ते लपवावं असं कधी वाटलेलं नाही. फक्त एक भान ठेव. रोजनिशी लिहिणारा हा लिहितावाचता, बहुधा धार्मिक आणि सहसा पुरुष. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्याबद्दल जॉस्लिन काही सांगू शकत नाही.

त्यांच्यासाठी दुसरीकडे जावं लागतं. लंडनमध्ये १७४१ साली टाकलेल्या मुलांसाठी एक बालकगृह सुरू झालं. बाळ ठेवून जाताना पुढे ओळख पटावी म्हणून आया काहीतरी खूण ठेवत. बहुतेकदा कापडाचा तुकडा, कधी रिबीन, कधी घासून नाव कोरलेलं नाणं. बालकगृहाच्या वह्यांना टाचलेले असे हजारो तुकडे आजही जपलेले आहेत. १७४१ ते १७६० या काळात तिथे १६,२८२ मुलं घेतली गेली. परत नेली गेली फक्त १५२. नुसते आकडे पाहिले तर वाटेल, आयांनी मुलं विसरून टाकली. पण यातली निम्म्याहून जास्त मुलं तिथे लहानपणीच दगावली होती. आणि जी आई खूण ठेवून गेली, तिने परत येण्याची वाट मनात उघडी ठेवली होती, एवढं तो चिंधीचा तुकडा सांगतोच. ती पुढे का आली नाही, यावर वही गप्प आहे. त्या गप्प राहण्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढू नये, एवढंच माझं म्हणणं.

तुझ्या प्रकरणातली दुसरी अडचण याच जातीची आहे. तू घरटी माणसं मोजलीस, सरासरी पाचाच्या आत आली आणि ‘एकत्र कुटुंब नव्हतंच’ असं लिहून मोकळी झालीस. याही वाटेवरून मोठी माणसं गेली आहेत. पूर्वी सगळे मोठमोठ्या घरांत राहत, हा समज मोडायला पीटर लॅस्लेट हा इतिहासकार आणि त्याच्या केंब्रिजच्या सहकाऱ्यांनी १५७४ ते १८२१ या काळातल्या शंभर इंग्लिश वस्त्यांमधल्या घरोघरच्या माणसांच्या याद्या मोजल्या. सरासरी ४.७५ आली. काम पायाभूत, त्याबद्दल वाद नाही. पण १९७२ मध्ये लुट्झ बर्कनर या इतिहासकाराने १७६३ सालची एक ऑस्ट्रियन यादी घेऊन कर्त्याच्या वयाप्रमाणे घरं लावली, तेव्हा चित्र पालटलं. तरुण कर्त्यांच्या घरात म्हातारे आईबाप होते, वयस्क कर्त्यांच्या घरात ते उरलेले नव्हते. म्हणजे घरांचे प्रकार वेगळे नव्हते, एकाच घराच्या वेगवेगळ्या अवस्था होत्या.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण फार जुनं आहे. इजिप्तमध्ये काहुन इथे १८८९ साली फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाला पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख, सापडले. त्यांत सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या होरी नावाच्या सैनिकाच्या घराच्या याद्या आहेत. पहिलीत होरी, त्याची बायको आणि लहानगा मुलगा. पुढचीत होरीची आई आणि बहिणीही घरात आलेल्या. त्यानंतरचीत तो मुलगाच कर्ता झालेला आणि पदरी आई, आजी, आत्या. पहिलीच यादी उरली असती तर आपण त्याला ‘त्रिकोणी कुटुंब’ म्हणून खातं बंद केलं असतं. आणि ज्या बहिणी दुसऱ्या यादीत आल्या, त्या पहिल्या यादीच्या दिवशीही त्याच्या बहिणीच होत्या. फक्त त्याच्या छपराखाली नव्हत्या. याद्या छप्पर मोजतात. नातं छपराबाहेर पुष्कळ असतं.

यादी कुणी आणि कशासाठी केली, हेही विचारत जा. फ्लॉरेन्सच्या १४२७ च्या करपत्रकांत सुमारे ६०,००० घरं आणि २,६०,००० हून जास्त माणसं आहेत. अभ्यासकांना घबाडच. पण तिथे खाणाऱ्या दर तोंडामागे २०० फ्लोरिनची (तिथली सोन्याची नाणी) मालमत्ता करातून वगळली जाई. तेव्हा कुणाला घरात दाखवायचं, याचा विचार घरच्यांनीही नक्की केला असणार.

शब्दांचंही तसंच. ‘कुटुंब’ म्हणजे बायको, असं म्हणणारी पिढी आपल्याच भाषेत होऊन गेली. लॅटिन ‘फामिलिया’त गुलामही मोजले जात. तुझ्या कागदांतला ‘घरचे’ हा शब्द कुणाकुणाला लागतो, याची एक यादी करून ठेव. यावर जास्त लिहीत नाही, ते काम तू करशीलच.

आता करायचं काय? ते वाक्य काढून टाक. त्याच्या जागी उलटं वाक्यही घालू नकोस, कारण ‘सगळे आईबाप सदासर्वकाळ सारखेच’ हेही तितकंच उतावीळ. सरासरीचा तक्ता राहू दे, पण कर्त्याच्या वयाप्रमाणे पुन्हा मांड. मग तुझ्या वस्तीतलं एकच घर निवड, जे निदान दोन याद्यांत सापडतं. त्यातल्या प्रत्येक माणसाचं एक कार्ड कर: जन्म, लग्न, मृत्यू, खटला, इच्छापत्र, जिथे जिथे नाव येईल तिथलं सगळं. जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी अशा जोडण्याची पद्धत लुई आंरी हा लोकसंख्येचा अभ्यासक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये १९५० च्या दशकात बसवली, ती संथ आहे आणि कंटाळा येतो. दोन महिने लागले तरी चालतील, मुदतवाढीचं पत्र मी देते.

पुढच्या वेळी येताना टंकलेली यादी नको, मूळ पानांच्या प्रती आण. लिहिणाऱ्याने कुठलं नाव लिहून मग खोडलं आहे का, ते मला तुझ्याबरोबर बसून पाहायचं आहे.