बाळाच्या नाळेतील रक्त बँकेत साठवून ठेवावे का?

आपण लिहिले आहे की पत्नीला सातवा महिना लागला आहे, प्रसूतिगृहात भेटलेल्या प्रतिनिधीने नाळेतील रक्त साठवण्यासाठी साठ हजार रुपयांची योजना सांगितली आहे, आणि ‘ही संधी पुन्हा येणार नाही’ या त्याच्या वाक्यामुळे आपणा दोघांना नाही म्हणवत नाही. मी डॉक्टर नाही. मात्र २०१६ साली थोरल्या मुलीच्या वेळी मी असेच पैसे भरले आणि २०२१ साली धाकट्याच्या वेळी भरले नाहीत, त्यामुळे या विषयावर दोनदा वाचन झाले. पहिल्यांदा पैसे भरून झाल्यावर आणि दुसऱ्यांदा वेळेवर. माझे मत असे आहे की घरात या पेशींनी बरा होऊ शकेल असा आजार असलेले मूल आज नसेल, तर हे रक्त साठवू नये.

नाळ कापल्यावर वारेत जे रक्त उरते त्यात रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात, आणि अस्थिमज्जा निकामी झालेल्या रुग्णाला त्या देता येतात, हे अगदी खरे आहे. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया (अस्थिमज्जा निकामी करणारा आनुवंशिक आजार) असलेल्या एका पाच वर्षांच्या मुलावर असे पहिले प्रत्यारोपण केले आणि ते यशस्वी झाले. माहितीपत्रकांत हा दाखला हमखास असतो. त्या मुलाला दिलेले रक्त त्याचे स्वतःचे नव्हते, नुकत्याच जन्मलेल्या त्याच्या बहिणीचे होते, ही गोष्ट मात्र आमच्या माहितीपत्रकात कोठेही नव्हती.

सगळी मेख तेथेच आहे. आपण पैसे भरतो ते बाळाला स्वतःला पुढे उपयोग व्हावा म्हणून. पण थॅलेसेमियासारखा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर तोच दोष साठवलेल्या पेशींतही असतो. रक्ताच्या कर्करोगात आजाराची बीजे कधी कधी जन्माच्या वेळच्या रक्तातच सापडतात, शिवाय दुसऱ्याच्या पेशी उरलेल्या कर्करोगपेशींवर जसा हल्ला चढवतात तसा स्वतःच्या पेशी चढवत नाहीत. प्रतिनिधी जी ऐंशी आजारांची यादी पुढे करतो, तिच्यातील बहुतेक आजारांत दुसऱ्या दात्याच्याच पेशी लागतात. पहिल्या वीस वर्षांत स्वतःचे साठवलेले रक्त स्वतःला लागण्याची शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्के, म्हणजे अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक, इतकी धरली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने म्हणूनच स्वतःच्या भावी उपयोगासाठी अशा साठवणुकीला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे. याला ‘जैविक विमा’ म्हणतात, पण ज्या दुखण्याची भीती दाखवायची नेमके तेच ज्यात बसत नाही, त्याला आपण एरवी विमा म्हणणार नाही.

पेशींच्या संख्येकडेही कोणी लक्ष वेधत नाही. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या दर किलो वजनामागे साधारण अडीच कोटी पेशी लागतात. आमच्या अहवालात ५२ कोटींचा आकडा होता आणि पुढे ‘समाधानकारक’ असा शेरा होता. मी भागाकार केला तो पाच वर्षांनी: जेमतेम २१ किलोच्या मुलाला पुरेल एवढा तो साठा आहे. मुलगी आज त्यापेक्षा जड आहे.

पण मला खरी रुखरुख लागली ती पैशांची नाही. जन्मल्यावर लगेच नाळ चिमटली नाही, तर वारेतील बरेचसे रक्त मिनिट-दोन मिनिटांत आपोआप बाळाच्या अंगात जाते आणि त्यातून पुढच्या काही महिन्यांसाठी लोहाची शिदोरी मिळते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस किमान एक मिनिट थांबण्याची आहे. आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. अशा ठिकाणी ही शिदोरी क्षुल्लक नव्हे. आता, जितके थांबावे तितके पिशवीत कमी पडते. मुलीच्या वेळी पिशवी भरायची म्हणून नाळ तत्काळ चिमटण्यात आली आणि आम्हाला त्यात काही विचारण्यासारखे आहे हेच ठाऊक नव्हते. मुलाच्या वेळी मी आधीच सांगून ठेवले होते, आणि डॉक्टरांनी घड्याळ पाहून दोन मिनिटे वाट पाहिली. जुन्या बायका नाळ अंगणात पुरत. त्या निदान तिचे भाडे तरी भरत नसत!

आता अपवाद, आणि तो मोठा आहे. मोठ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्या आजाराचा गंभीर प्रकार, किंवा तत्सम आजार असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर धाकट्याचे रक्त जरूर साठवावे. संशोधन परिषदेलाही ते मान्य आहे. तरीही गणित आधी समजून घ्यावे. सख्ख्या भावंडाशी पेशींची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक असते, त्या भावंडाला स्वतःला थॅलेसेमिया मेजर नसण्याची चारांत तीन, म्हणजे दोन्ही एकत्र जुळण्याची सोळांत तीन. जुळलेच, तर त्याच भावंडाची अस्थिमज्जा ते थोडे मोठे झाल्यावरही घेता येते. मुंबई महानगरपालिकेचे बोरिवली येथील केंद्र याच कामासाठी आहे, आणि कोल इंडियाच्या साहाय्याने चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून पात्र मुलांना प्रत्यारोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. अशा घराने आधी रक्तविकारतज्ज्ञाकडे जावे, बँकेच्या प्रतिनिधीकडे नव्हे.

‘सामूहिक बँके’बद्दल आपण वेगळे विचारले आहे. सर्व सभासदांचा साठा एकमेकांना उपलब्ध ठेवण्याची ही कल्पना खाजगी साठवणुकीपेक्षा निश्चितच तर्कसंगत आहे, कारण नाळेच्या रक्तात जुळणी थोडी कमी असली तरी चालते. तरीसुद्धा त्या बँकेतून आजवर प्रत्यारोपणासाठी प्रत्यक्ष किती नमुने गेले आणि त्यांतील पेशींची संख्या किती होती, हे लेखी मागावे. साठवण द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांच्या आसपास, वर्षानुवर्षे अखंड राहावी लागते. सिंगापुरातील एका खाजगी बँकेच्या टाक्यांचे तापमान वाढून एका टाकीतील सुमारे २,२०० नमुने निकामी झाल्याचे तेथील आरोग्य मंत्रालयाने २०२३ साली जाहीर केले. शिवाय या सेवेला असलेली वस्तू व सेवा करातील सूट जुलै २०२२ मध्ये काढण्यात आली, तेव्हा सांगितलेल्या रकमेत कर धरला आहे का, तेही पाहावे. स्वमग्नता किंवा मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) यांवर या पेशी उपाय आहेत असे सांगितले गेले, तर ते सिद्ध झालेले उपचार नाहीत एवढे ध्यानात असू द्यावे.

पत्नीची एचबीए-२ तपासणी, म्हणजे थॅलेसेमियाची वाहक आहे का हे सांगणारी रक्ततपासणी, झाली आहे का, हे याच आठवड्यात डॉक्टरांना विचारावे. ती वाहक निघाली तर आपलीही करावी. या तपासणीला काही शे रुपये लागतात आणि ती खरोखर उपयोगी माहिती देते.

आमच्या मुलीचा नमुना अजून तेथेच आहे. दर जूनमध्ये वार्षिक शुल्काचे स्मरणपत्र येते. मी म्हणते बंद करू या, यजमान म्हणतात इतकी वर्षे भरले आहेत तर राहू दे. यंदाचे शुल्क त्यांनी मला न सांगता भरले.